ब्रेकातली हवा काढायची राहिली

तुम्ही विसराळू लोक. आमच्या जीपमध्ये छत्र्या विसरलात, कोंबडी विसरलात, खोडाळ्याच्या एकानं तर सासू विसरली.

म्हणून मुद्दाम सांगते.
जीपवाला म्हातारा गेला. माझा नवरा. शनिवारी दुपारी.

मी सांगते, नात टाईप करते. तिला बजावलंय, पदरचं रडकं काही घालू नको.

जव्हार ते खोडाळा, सगळा जन्म त्या एका जीपवर. पोरं म्हणाली, विका आता.
"तुमच्या आईला आधी विकतो," म्हणाला.

जुने ड्रम ब्रेक. ओहोळातून गाडी काढली की भिजायचे, मग धरायचेच नाहीत. दोन-तीनदा जोरात पाय मारावा लागायचा. आणि त्याचा तर गुडघा गेलेला.
म्हणून डोक्यात घेतलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचे.

नाशिकच्या भंगारातून दुसऱ्या गाडीचं सामान आणलं. बसेना. लेथवर पट्ट्या करून घेतल्या, तरी बसेना. मग अंगणात घासत बसला.
म्हटलं, "एवढी मेहनत माझ्या दातांवर घेतली असतीस, तर मी आज चणे खाल्ले असते."
"तुला दात आले तर पहिला मला चावशील."

शेवटी डिस्क बसल्या. काम एकच उरलं, ब्रेकातली हवा काढायची.

ते एकट्याचं काम नाही. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर हवा बुडबुडत निघते. स्क्रू परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत.

आमच्या घरात पेडल माझं. लग्न झाल्यापासून.

"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलं."
"सोड."

असं करत डावं चाक झालं.
उजव्या चाकाला म्हणाला, "धर."

मी धरलं. पेडल खाली गेलं, म्हणजे स्क्रू सैल झाला.

सोड म्हणेना.

मला वाटलं मस्करी करतो. म्हटलं, "म्हाताऱ्या, पाय भरून आला माझा."

शेजारची सुमन पाणी घेऊन चालली होती. ती ओरडली. तिनं मला हाताला धरून उतरवलं, तोवर माझा पाय पेडलवरच.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. त्याला कळलंही नसेल.

मला अजून काही वाटत नाही. लोक येऊन रडतात, मी त्यांना पाणी देते. उजव्या पायाला तेवढ्या मुंग्या आहेत.

अस्थी त्र्यंबकला न्यायच्या. थोरला म्हणाला, भाड्यानं गाडी करू.
"तुझा बाप दुसऱ्याच्या गाडीत कधी मागं बसलाय का रे?"
"आये, जीपला ब्रेक नाय."
"मग कर ब्रेक."

आज सकाळी जव्हारचा मेस्त्री आला. पेडलसाठी स्वतःचा माणूस घेऊन आला. त्या माणसाला मी खाली उतरवलं.
जाऊ म्हणाली, "सुतकात बाईमाणसानं गाडीवर चढू नये."
म्हटलं, "तू नको चढू."

"दाबा, आजी."
दाबलं.
"धरा."
धरलं.
"सोडा."

पाय उचलेना.

"आजी, सोडा. आवळला स्क्रू."

ही टाईप करते ना, तिनं खाली वाकून दोन्ही हातांनी माझा पाय उचलला. दर वेळी तिनंच उचलला.

मग पेडल दगडासारखं घट्ट झालं. मेस्त्रीनं जीप उतारावर नेली. पहिल्याच दाबात उभी राहिली.

जा म्हाताऱ्या. तुझं काम झालं.

उद्या जीप त्र्यंबकला जाते. येताना उतारावर ड्रम तापायचे, मग अर्ध्या घाटात गाडी उभी करून सगळे खाली उतरून खायचो. आता डिस्क आहेत, थांबायची गरज नाही.
तरी थांबणार.

तेव्हा ज्यांना डबा द्यायचाय त्यांनी नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी द्या. लसूण सढळ हातानं घाला. गोड कुणी देऊ नका.
आमटी घट्ट करा. पातळ वळणावर सांडते.