ठसका लागला, आठवण कुणीच काढत नव्हतं

“न्यूमोनिया झालाय,” डॉक्टर म्हणाले. “स्ट्रोकनंतर होतो. यांना होईल असा आम्हाला पहिल्यापासून अंदाज होताच.”

शेवटचं वाक्य ते इतक्या सहज बोलून गेले की मला कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. अंदाज होता, तर तो काय लोणच्यासारखा मुरत घातला होता?

मी तेर गावची. आमचे मालक एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून रेझर गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. स्ट्रोक म्हणजे मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी बंद पडणं किंवा फुटणं. आपण त्याला लकवा म्हणतो. उजवं अंग गेलं, बोलणं बोबडं झालं. धाराशिवला वेळेत नेलं म्हणून जीव वाचला. ते श्रेय दवाखान्याचंच, मी नाकारत नाही.

राउंडला डॉक्टर लोक खाटेच्या पायथ्याशी उभे राहून आपसात इंग्रजीत बोलायचे. ‘हाय रिस्क’ एवढंच माझ्या कानावर पडायचं. मला वाटायचं, येऊन गेलेल्या झटक्याबद्दल चाललंय. एकदा धीर करून विचारलं, तर त्यांच्यातले एक जाता जाता म्हणाले, “बरे आहेत. आता पातळ चालू करा.”

पातळ म्हटलं की आमच्याकडं हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ पेज. लकव्याच्या माणसाला ऊब मिळावी, ताकद यावी म्हणून ते पाजतातच. ईट गावाहून नणंदबाई आल्या त्या डबा घेऊनच. गिळायला सोपं जावं म्हणून त्यांनी त्यात आणखी पाणी घातलं. मी चमच्यानं पाजायला लागले. दोन चमचे गेले आणि मालकांना ठसका लागला.

“दादाची कुणीतरी आठवण काढतंय बघा, वैनी,” नणंदबाई म्हणाल्या. “गावात समदी वाट बघत असतील.”

मी टाळूवर थापटलं. मालकही अर्ध्या तोंडानं हसले.

मग दर जेवणाला ठसका. आवाज घोगरा, घशात पाणी खळखळल्यासारखा. नर्सला सांगितलं, तर “होतं असं” म्हणाली. मग ताप चढला, धाप लागली, एक्स-रे काढला आणि डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या कानावर आलं.

मी त्यांची वाट अडवली. “कशावरून अंदाज व्हता, साहेब?”

“वय आहे, शुगर आहे, झटका मोठा होता, गिळणं कमजोर. अशा पेशंटला इन्फेक्शनचा धोका जास्तच असतो. खाल्लेलं श्वासनळीत उतरतं. त्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. पातळ तर लगेच उतरतं.”

“मग गिळणं तपासलं व्हतं का?”

त्यांनी फाइल चाळली. “स्वॉलो टेस्ट राहून गेली.”

स्वॉलो टेस्ट म्हणजे काय मोठं यंत्र नव्हे. माणसाला सरळ बसवून चमचाभर पाणी द्यायचं, ठसका लागतो का, आवाज बदलतो का ते बघायचं. एवढंच राहून गेलं होतं.

“साहेब,” मी म्हटलं, “धोका तुमाला ठावूक व्हता अन् चमचा माझ्या हातात व्हता. मधी एक शब्द टाकायला काय झालं व्हतं?”

ते फाइल मिटून पुढच्या खाटेकडं गेले.

नणंदबाई कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून रडत होत्या. “म्याच पाणी घातलं, वैनी. म्याच मारलं माझ्या भावाला.” त्या क्षणी मला सगळ्यात जास्त संताप आला. ज्यांना माहीत होतं ते राउंड उरकून चहाला गेले आणि जिला काहीच माहीत नव्हतं ती स्वतःला खुनी ठरवून बसली.

मालक आयसीयूत गेले. ऑक्सिजन, नाकातून नळी, सलाइनमधून औषधं. बाहेरच्या बाकड्यावर मी देवीलाही बोल लावला. लकव्यातून माणूस परत दिलास तो यासाठी का, म्हणून.

मालक हळूहळू सावरले. मग गिळणं तपासलं. सरळ बसवून घट्ट, मऊ भात लहान घासांनी द्यायचा, जेवणानंतर तोंड स्वच्छ करायचं, लगेच आडवं करायचं नाही, हे सगळं शिकवलं. शिकायला मला एक दुपार पुरली. म्हणजे मी अडाणी म्हणून सांगितलं नाही, असंही नव्हतं.

तुमच्या माणसावर ही वेळ आली तर लाजू नका. गिळणं तपासलं का, विचारा. इन्फेक्शनचा धोका किती आणि तो टाळायला आम्ही काय करायचं, तेही विचारा. उत्तर मराठीत मागा.

घरी निघताना मी डॉक्टरांना मनापासून हात जोडले. माणूस त्यांनीच परत दिला होता. मग म्हटलं, “साहेब, शेजारच्या खाटेवर काल एक आजोबा आलेत लकव्याचे. त्यांच्या माणसांना सांगितलं का?”

“सांगतो,” म्हणत ते दाराकडं निघाले.

“आत्ता सांगा.”

ते थांबले. मग मागं वळले, आजोबांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि मराठीत सांगायला लागले. आजोबांच्या सुनेनं त्यांच्या ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप खाली घेतला.