तांदळातली बारोलो

बंगळूरला जिकडेतिकडे 'वाइन्स' अशा पाट्या दिसायच्या आणि त्या दुकानांत वाइन सोडून सगळं मिळायचं. रम, ब्रँडी, व्हिस्की, बिअर. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. फ्रान्सहून परतल्यावर एका शनिवारी मी धीर करून अशा एका दुकानात शिरले. काउंटरला टेकलेली पुरुषमंडळी चटकन बाजूला सरकली. मी लाल वाइन मागितली. दुकानदाराने वरच्या फळीवरून धुळीने माखलेली एक बाटली काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मी न सांगताच काळ्या पिशवीत घातली. घरी येऊन चव घेतली तर त्यापेक्षा खोकल्याचं औषध बरं. ती बाटली मी मोरीत ओतली. हा फजितीचा किस्सा कोणाला तरी सांगून मनसोक्त हसावं असं फार वाटलं, पण या शहरात तसं माझं कोणी नव्हतं.

मी मूळची पुण्याची. इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. लग्न केलं नाही, आईवडील गेले, भाऊ त्याच्या संसारात. कारखान्याने फ्रान्सहून चाचणीची यंत्रं मागवली तेव्हा ती शिकायला कोणाला पाठवायचं यावर बरीच खलबतं झाली आणि शेवटी माझं नाव निघालं. हिच्या मागे नवरा-मुलं नाहीत, हिची काही अडचण नाही, असं साहेब माझ्यादेखत म्हणाले. मी मान डोलावली. राग आला होता, पण फ्रान्समध्ये तुलूजला जायचं होतं.

तिथे एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरात मला खोली मिळाली. तोवर मी कोकम सरबतापलीकडे गेले नव्हते. पहिल्याच रविवारी त्यांनी जेवणाबरोबर माझ्या पेल्यात बोटभर वाइन ओतली आणि ती गिळायची नाही, आधी वास घ्यायचा, हे खुणांनी शिकवलं. मला त्या वासात पावसाळ्यातलं लाकूड आणि जांभूळ सापडलं. असं काही पेल्यात सापडू शकतं याचंच मला नवल वाटलं. मग मी चेवाने शिकले. कुठली बाटली घ्यावी, कुठली नुसतीच दिखाऊ, हे त्या मला दुकानात नेऊन दाखवत. द्राक्षं जिथे पिकली तिथेच बाटली भरली असं लेबलवर छापलेलं हवं. गावाचं नाव जितकं नेमकं तितकी वाइन खरी. सोनेरी अक्षरं आणि राजवाड्याची चित्रं पाहून भुलायचं नाही.

त्यांचा आणखी एक रिवाज होता. बूच काढायच्या आधी त्या भिंतीवर मूठ आपटून शेजारणीला बोलवायच्या. शेजारीण गावाला गेली असेल तर बाटली तशीच राहायची. उघडलेली वाइन दुसऱ्या दिवशी उतरते आणि एकट्या माणसाला ती संपत नाही, म्हणून एकटीने उघडायचीच नाही. मी त्या घरात राहायला आल्यावर त्यांना भिंत ठोकायची गरज उरली नाही. ते महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, हे मी तेव्हाही ओळखून होते.

शेवटचे दोन आठवडे इटलीत, तुरीनला होते. तिथे एका अरुंद दुकानात मी बारोलो मागितली. त्या डोंगराळ भागातली ही वाइन रंगाला फिकी आणि चवीला राकट, पण तिच्यात वाळलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा वास एकत्र येतो. दुकानदाराने बाटली काढायच्या आधी मला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की कधी उघडणार आणि कोणाबरोबर. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तो म्हणाला, हरकत नाही, हिला घाई नाही, चार-पाच वर्षं आडवी ठेवा. पण ही दोघांची बाटली आहे, गर्दीत उघडू नका.

तर अशा दोन बाटल्या घेऊन मी परत आले. एक फ्रान्सची, बोर्दोजवळच्या एका खेड्यातली, आणि एक ही बारोलो. कस्टमच्या माणसाने त्या उलटसुलट करून पाहिल्या, व्हिस्की नाही का, असं निराश होऊन विचारलं आणि सोडून दिलं.

मी बंगळूरात मल्लेश्वरममध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. खाली घरमालकीण राहायच्या, एकट्याच. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं, म्हणजे त्या माझ्यापेक्षा कितीतरी पक्क्या बंगळूरकर. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं होतं की पहिले काही दिवस मी नुसती हसून वेळ मारून न्यायची. अक्कांचं सोवळंओवळं कडक. बाहेरचं पाणीसुद्धा पीत नसत. रोज संध्याकाळी मी जिना चढू लागले की खालून हाक यायची, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी सहा वाजता कोणाचं जेवण झालेलं असतं? पण अक्का विचारायच्या आणि मी 'अजून नाही' म्हणायची.

माझ्या स्वयंपाकघरात अक्कांची पत्र्याची मोठी कोठी होती. खाली जागा नाही म्हणून वर्षाचे तांदूळ त्या वर भरून ठेवत आणि मीही त्यातलेच घ्यावेत असा त्यांचा हट्ट. वाइनला अंधार हवा, गारवा हवा आणि आडवं पडायला जागा. तांदळात हात घातला की थंड लागतो. मी दोन्ही बाटल्या तांदळाच्या तळाशी आडव्या पुरल्या आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाले.

बोर्दोची बाटली मी त्याच वर्षी उघडली. ऑफिसातल्या तीन मराठी कुटुंबांना जेवायला बोलावलं. चारचौघांत उघडण्यासारखी होती ती, आणि मलाही कोणाला तरी तो वास दाखवायचा होता. बूच काढताना सगळे असे पाहत होते की मी पोट फाडून ऑपरेशन करतेय. एकाने बर्फ मागितला. दुसऱ्याने सोडा. तिसऱ्याने एका घोटात पेला रिकामा करून 'मॅडम, किक नाही हो याला' असं जाहीर केलं आणि चिवड्याकडे वळला. वास घ्या, वास घ्या, असं मी म्हणत राहिले. बायका सरबत पीत माझ्याकडे बघत होत्या. सोमवारी ऑफिसच्या बसमध्ये माझ्याशेजारची जागा रिकामी राहिली. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी सगळीकडे गेली, ती कळली मला, पण माझ्याकडे आलं एकही नाही. एवढ्याशा वाइनने माझी बारा वर्षांची नोकरी आणि वागणूक धुऊन काढली. मी कोणाशी भांडले नाही. घरी मात्र भांडी जरा जोरात आपटायची.

राहिली बारोलो. ती दोघांची होती आणि दुसरं माणूस सापडत नव्हतं. दर दिवाळीला मी तांदळात हात घालून ती आहे ना हे चाचपायची आणि परत झाकायची. यंदा कोणीतरी येईल, असं मनात यायचं. पुण्याची एक मैत्रीण येणार होती, तिचं तिकीट रद्द झालं. फ्रान्सचा एक इंजिनिअर कारखान्यात आला, त्याला हॉटेलातून थेट विमानतळावर नेलं. चार उन्हाळे असेच गेले. माणूस नाही म्हणून बाटली आहे, की बाटली आहे म्हणून मी माणसाची वाट बघतेय, हेही मला नीट सांगता आलं नसतं.

त्या चौथ्या उन्हाळ्यात अक्का कच्चे बदामी आंबे घेऊन वर आल्या. दर वर्षीच यायच्या. तांदळात पुरले की आंबे झकास पिकतात आणि सगळ्या घरात वास सुटतो. या वेळी तांदूळ तळाला गेले होते. त्यांच्या हाताला काच लागली.

"हे काय ग पुरून ठेवलंस?" त्यांनी बाटली वर काढली.

मी सांगितलं की ही वाइन आहे, इटलीची, द्राक्षांची. त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, द्राक्षासव म्हण की. प्रत्येक बाळंतपणानंतर त्यांना वैद्यांनी तेच दिलं होतं, जेवणानंतर दोन चमचे, समभाग पाण्यातून. मी म्हटलं, नाही अक्का, ही दारूच आहे, सरळ सांगते. आता बिऱ्हाड हलवावं लागणार अशी मनाची तयारीही केली. अक्कांनी एवढंच विचारलं की मग इतकी वर्षं प्यायली का नाहीस. एकटीने उघडायची नसते, असं मी म्हणाले.

त्यांनी बाटली पुन्हा तांदळात ठेवली, वर आंबे रचले. "मी पीत नाही. पण बसते की तुझ्याबरोबर."

मी 'बघू' म्हणाले. नुसतं बसून कसं चालेल, असं मला वाटलं. मला चव कळणारं माणूस हवं होतं.

दिवाळीनंतर अक्कांची मुलगी हुबळीहून आली आणि ठरवाठरव झाली. अक्कांचे गुडघे गेले होते, घर बिल्डरला द्यायचं होतं. मला नवीन जागा बघायला पुष्कळ मुदत दिली, त्यात काही वावगं नव्हतं. खाली खोकी भरली जाऊ लागली. एका संध्याकाळी मी जिना चढले आणि हाक आली नाही. वाकून पाहिलं तर मुलगी बाहेर गेलेली आणि अक्का उघड्या खोक्यांच्या मधोमध बसून देवाची भांडी कागदात गुंडाळत होत्या. उद्या सकाळी निघायचं होतं. मी वर गेले, कोठीत हात घातला आणि बाटली घेऊन खाली आले.

"अक्का, तुम्ही बसते म्हणाला होतात. आज बसता का?"

"बसते की. त्यात काय विचारायचं?"

पुसताना माझ्या लक्षात आलं की बाटलीच्या गळ्यावर तपकिरी चिकट ओघळ वाळलाय आणि त्याला तांदळाचे दाणे चिकटलेत. बूच वर आलं होतं. ते जवळजवळ हातानेच निघालं. पेल्यात ओतली तर रंग कोऱ्या चहाचा. गुलाब नाही, डांबर नाही. मनुका आणि गूळ, एवढाच वास. गच्चीखाली तापणारी पत्र्याची कोठी, चार उन्हाळे आणि वर पिकत घातलेले आंबे. मी तिला जपायला ठेवली होती आणि आम्ही दोघींनी मिळून ती आढीत घातली होती. मला रडू आलं. इतकं की लपवता येईना.

बिघडली, मी म्हणाले. कशाने, असं अक्कांनी विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्या आंब्यांनी? मी म्हटलं, आंब्यांनी, उन्हाने आणि माझ्या अकलेने. त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला आणि मी फ्रान्समध्ये शिकले होते तसाच, आधी नाकाशी धरला.

"अग, हेच की ते. माझं द्राक्षासव."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. बांधलेलं एक खोकं सोडून चमचा आणि चांदीचं फुलपात्र काढलं. दोन चमचे वाइन, दोन चमचे पाणी. मग मान मागे करून, ओठ न लावता, वरून तोंडात ओतून घेतलं. जी बाई माझ्या घरचं पाणी प्यायली नव्हती, ती हे प्यायली. औषध आहे, त्याला काय होतं, असं पुटपुटत त्यांनी तोंड पुसलं.

"तुझं पण घे की. बसलोय आपण दोघी."

मी घेतलं. मग त्यांनी मला त्या फ्रान्सच्या बाईंबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगितलं, भिंत ठोकण्याचंसुद्धा. अक्कांनी फुलपात्र पालथं घातलं. मग म्हणाल्या, "तुझी भांडी मला खाली ऐकू येतात. एकच ताट घासतेस रोज. म्हणून विचारायची ग, ऊटा आय्ता."

सकाळी टेंपो आला आणि अक्का हुबळीला गेल्या. माझ्याकडे पाऊण बाटली उरली. उघडलेली वाइन ठेवायची नसते हे मला ठाऊक होतं, पण हिचं आणखी काय बिघडणार होतं? मी बूच बसवून ती फळीवर उभीच ठेवली. पुढे कित्येक दिवस ऑफिसातून येऊन जिना चढताना मी कठड्याशी थांबायची. खाली कुलूप होतं. वर जाऊन कुकर लावायची, जेवायची, एक ताट घासायची, आणि मग बाटली संपेपर्यंत रोज दोन चमचे घेत राहिले, समभाग पाण्यातून.