तिसरा टोप

अकरावीला कॉम्प्युटर घेणाऱ्या मराठी मुलांसाठी संजना भोईरने एक पुस्तक लिहिलं आहे. पुस्तक जाडजूड, मुखपृष्ठ अगदीच रद्दड. पण वसई-विरारकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो सांगेल की ढ पोरालाही हे पुस्तक कळतं. कारण संजना एकदा सांगून थांबत नाही. एकदा सांगते, मग दुसऱ्या तऱ्हेने सांगते, मग उदाहरण देते, आणि वाचणारा हात जोडून 'कळलं बाई' म्हणेपर्यंत त्याला सोडत नाही.

या कौतुकातला अर्धा वाटा तिच्या धाकट्या भावाचा, कल्पेशचा. संजना लग्न करून एव्हरशाईन सिटीत गेली, तरी माहेर जवळच, जूचंद्रला. पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा ती दर रविवारी नवा धडा घेऊन माहेरी जायची आणि कल्पेशला वाचून दाखवायची. कल्पेश बारावीला गटांगळी खाऊन पाण्याचा टँकर चालवायला लागलेला. त्याला समजलं तर कुणालाही समजेल, असा तिचा सरळ विचार. पठ्ठ्या ओटीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा.

"नाय समजला, ताय. परत सांग."

सगळ्यात छळलं ते अदलाबदलीच्या धड्याने. दोन डब्यांत दोन आकडे आहेत, त्यांची जागा बदलायची. पहिल्यातला थेट दुसऱ्यात टाकला तर दुसऱ्यातला पुसला जातो. म्हणून एक तिसरा, रिकामा डबा लागतो. बस्स, एवढंच. पण कल्पेशच्या डोक्यात ते काही केल्या शिरेना. शेवटी संजनाने आईचे टोप ओटीवर मांडले, एकात दूध, एकात ताक, तिसरा रिकामा, आणि ओतून दाखवलं. तरी याच्या कपाळावर आठी ती आठीच. त्याच्यापायी त्या धड्याची चार पानं झाली, आणि शिक्षक आजही त्याच चार पानांची तारीफ करतात. दिवसभर या टाकीतून त्या टाकीत पाणी सोडणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये, याचं तिला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. पण काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही म्हण काय उगाच पडली नाही.

गेल्या वर्षी काविळीचं निमित्त झालं आणि कल्पेश गेला.

संजना रडली नाही. सुतक फिटल्यावर कॉलेजात हजर झाली, तास घेतले, पेपर तपासले, नवऱ्याला डबा दिला. लोक म्हणाले, किती सावरली! सावरायला आधी कोलमडावं लागतं. ती तिथवरही पोचली नव्हती. आमटीत मीठ आहे की नाही हे तिला कळायचं नाही. कुणी कल्पेशचा विषय काढला की ती 'हो ना' म्हणायची, वीज गेल्याचं बोलणं चाललं असावं तशी. रविवारी ती जूचंद्रला जायची, कारण रविवारी जायचं असतं. आईसमोर बसायची, चहा प्यायची, ऊन उतरायच्या आत निघायची.

यंदा अभ्यासक्रम बदलला. पुस्तकातले सगळे प्रोग्राम पायथन या नव्या भाषेत लिहायचे होते. मदतीला कॉलेजात नुकतीच लागलेली जेसिका होती. पोरगी हुशार, आणि हुशार माणसांना असते तशी घाई तिलाही होती.

"मॅडम, ही चार पेजेस उडवू या?" ती म्हणाली. "पायथनमध्ये हे एका लाइनमध्ये होतं. तिसरा डबा लागतच नाही. मुलं उगाच कन्फ्यूज होतील."

ते खरंच होतं. संजनाने त्या पानांकडे पाहिलं. आत काहीतरी हलायला हवं असं तिला वाटलं. हललं नाही.

"काढ," ती म्हणाली.

त्या रविवारी नवा धडा लॅपटॉपवर घेऊन ती माहेरी गेली. का नेला, तिलाही सांगता आलं नसतं. तिची आई, बायजा, मच्छी साफ करून हात पुसत बाहेर आली आणि कल्पेशच्या खुर्चीत बसली. वर्षभर तिथे कुणी बसलं नव्हतं.

"वाच," बायजा म्हणाली.

संजनाने वाचलं. वाचायला वेळ तो काय लागणार? एक ओळ.

"एवढाच?"

"एवढाच, आये."

"नि तिसरा टोप?"

संजनाने मान वर केली. बायजाने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. सारा जन्म भातशेतीत आणि खाडीवर गेला. धडे चालायचे तेव्हा ती आत चुलीपाशी असायची.

"तुला कुनी सांगितला तिसरा टोप?" माहेरी आली की संजनाचीही जीभ वळायची.

"त्यानीच. तू रिक्षात बसलीस का तेच टोप घेऊन मना दावायचा. म्हनायचा, आये, एकदम सोपा हाय, टँकरवर आमी रोज ह्याच करतो."

"त्याला समजला होता?"

"पयल्याच दिशी."

"मग 'नाय समजला, नाय समजला' कशाला करायचा?"

बायजाने पदराने खुर्चीचा हात पुसला. "समजला म्हनला असता तर तू चहा पिऊन गेली असतीस ना गो. लगीन झाल्यापासना तू सनाला यायचीस नि घटकाभर बसून उठायचीस. धडा लांबला का दिवेलागनीपर्यंत बसायचीस. त्याला तेवढाच पायजे होता."

संजनाला राग आला. वर्षभरात पहिल्यांदा तिला काहीतरी आलं, आणि आला तो राग. लबाड! मेल्याने किती दूध नासवलं, किती कागद फाडायला लावले, आणि आत जाऊन हसत असेल. आता येऊ दे समोर, कान पिळून हातात देते. तिचा हात खरंच उचलला गेला. आणि समोरच्या खुर्चीत कल्पेश नाही, हे तिला तेव्हा कुठे समजलं.

ती ओटीवर बसून हंबरडा फोडून रडली. शेजारचे दारात आले. बायजाने त्यांना हातानेच परत पाठवलं.

रडून झाल्यावर तिने जेसिकाला फोन लावला.

"ती चार पानं राहू दे. त्यांच्याखाली तुझी एक ओळ घाल."

"पण मॅडम, त्यांची गरज काय?"

"गरज तेव्हाही नव्हती," संजना म्हणाली. "राहू दे."

तिने फोन ठेवला. ऊन केव्हाच उतरलं होतं. एरवी ती आतापर्यंत रिक्षात बसली असती. बायजा खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"मना नाय समजला," ती म्हणाली. "परत सांग."

संजना उठली आणि टोप आणायला आत गेली.