मारिसोलची दोन शिफारसपत्रं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे — देव जाणे.

दोन हजार चारच्या सुमाराला आम्ही अमेरिकेत, अल्फारेटाला राहायचो. नवऱ्याकडे कामाचा व्हिसा, माझ्याकडे डिपेंडंटचा. म्हणजे राहा, खा, भांडी घासा, पण नोकरी करायची नाही. गणितातली एम.एस्सी., फर्स्ट क्लास, पुण्याची — आणि दिवसभर करायचं काय, तर दुकानांची कूपनं कापायची. म्हणून दर शनिवारी लायब्ररीत शाळेच्या मुलांना फुकट गणित शिकवायला लागले. लोक म्हणायचे, किती मोठं मन हो तुमचं. मन कसलं, घरात बसून वेड लागायची पाळी आली होती.

तिथे मारिसोल यायची. बारावीतली. वडील मेक्सिकोहून आलेले, घरांची छपरं बसवायचे. आई हॉटेलातल्या खोल्या साफ करायची. मुलगी हुशार होती. किती हुशार? एकदा फळ्यावर माझं गणित चुकलं, सगळ्या मुलांदेखत, आणि तिने ते हळूच, अगदी अदबीने दाखवून दिलं. मी हसून 'गुड कॅच' म्हटलं. घरी पोचेपर्यंत माझा नुसता तिळपापड झाला होता.

पण खरं सांगू? ते गणित एक निमित्त. ती अमेरिकेतच जन्मली होती. पासपोर्ट आयता, उद्या वाटेल तिथे नोकरी मागायला मोकळी. आणि मी — जाऊ दे.

मग ती एक फॉर्म घेऊन आली. हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोकडच्या, आणि इतर मायनॉरिटी विद्यार्थ्यांसाठी कॉलेजची स्कॉलरशिप, चारही वर्षांची फी. मिळाली तर इंजिनीअरिंग, नाही तर कॉलेजच नाही, असं तिने सरळ सांगितलं. शिफारसपत्र हवं होतं. "मिसेस जोशी, माझं गणित तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही," म्हणाली.

मायनॉरिटी कोण कोण, याची फॉर्मवर यादी होती. आपण भारतीय त्यात नव्हतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही काय इथले बहुसंख्य लागून गेलो?

खाली एक चौकट होती — हे पत्र बघण्याचा हक्क मी सोडते आहे. तिथे टिक करू का, तिने विचारलं. मी म्हटलं, कर, कमिटीचा जास्त विश्वास बसतो. तसं ते खरंही होतं. पण मी ते कशासाठी सांगत होते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सांगतेच आता. मी लिहिलं — मुलगी विनयशील आहे, वेळेवर येते. मदतीशिवाय मात्र तिचा होमवर्क होत नाही, बराचसा मीच करून देते. कॉलेजचा अभ्यास तिला झेपेलसं वाटत नाही. पहिलं वाक्य सोडलं तर सगळं धादांत खोटं. एवढ्याशा मजकुराला मला तासभर लागला, कारण वाचणाऱ्याला माझी तिच्याबद्दलची कळकळ दिसली पाहिजे होती. पाकीट चिकटवलं, नियमाप्रमाणे जोडावर सही केली, आणि पोस्टात टाकायला तिच्याच हातात दिलं. ती तीनदा थँक यू म्हणाली.

स्कॉलरशिप गेली. तिच्या आईने तरीही माझ्यासाठी डबा भरून तमाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले, पाठवले. आम्ही ते गरम करून खाल्ले. छान झाले होते.

मारिसोल एका दुकानात कॅशवर लागली. दीड-दोन वर्षांनी ती पुन्हा आली. दुसरी स्कॉलरशिप, शाळा सोडून वर्षं झालेल्यांनाही चालणारी. आता हीच शेवटची, म्हणाली. तोवर आमचं ग्रीन कार्ड झालं होतं, मला नोकरी होती, स्वतःची गाडी होती. माझा राग केव्हाच निवला होता. तिचं काही वाईट व्हावं, असं मनात अजिबात नव्हतं. खरं पत्र लिहायला किती वेळ लागला असता — वीस मिनिटं?

मला कंटाळा आला. जुनीच फाईल उघडली, तारीख बदलली, प्रिंट काढली, सही केली. ती स्कॉलरशिपही तिला मिळाली नाही.