देवसिंगने किल्ली दिली

देवसिंग राठोडला स्वस्थ बसलेले आर्णीत कुणी पाहिले नव्हते. वीस वर्षं तो दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवत होता, जेवायचाही उभ्याउभ्याच. अशा माणसावर २००५च्या डिसेंबरात दिग्रसच्या खरेदी केंद्राबाहेर कापसाची ट्रॉली घेऊन तीन दिवस रांगेत बसायची पाळी आली. भाव बसले होते, व्यापारी हात आखडून होते, म्हणून सगळा कापूस सरकारी काट्याकडे लोटला होता. पुढची गाडी हलली की आपण हलायचे. चालक सीटवर नसला, की मागचा त्याला ओलांडून जाई.

तिसऱ्या सकाळी त्याच्या अंगावर पित्त उठले. मानेवर, पोटावर लालभडक गांधी. डबा घेऊन आलेल्या लालीबाईच्या, त्याच्या बायकोच्या, पिशवीत खाजेच्या दोन गोळ्या उरलेली जुनी पट्टी होती. त्यातली एक घेऊन अर्धा तास झाला तरी खाज जाईना, तेव्हा त्याने दुसरीही घेतली. तिसरी मागायला तो समोरच्या औषधाच्या दुकानात गेला.

दुकानदार धम्मरत्नने गोळीची पट्टी पाहिली. आधी ओठ, जीभ सुजली का, श्वास अडखळतो का, हे विचारले. तसे काही असेल तर गोळीच्या भरवशावर न थांबता थेट दवाखाना गाठायला हवा, असे त्याने बजावले. तसे काही नव्हते.

"भाऊ, गोळीले काम कराले घंटाभर तरी लागते. तुम्ही दोन घेऊन टाकल्या, अन् ह्या झोप आणणाऱ्या हायेत. आता तिसरी नाही, सर्दीची गोळी नाही, दारू नाही, अन् स्टिअरिंग तं बिलकुल नाही. बाकी डॉक्टरले दाखवा."

मला झोप येतच नाही, असे म्हणून देवसिंग परत सीटवर चढला. तेवढ्यात रांग हलली. त्याने क्लच सोडला आणि ट्रॅक्टर उसळी मारून पुढे गेला. सांडलेला कापूस वेचणाऱ्या दोन बाया बाजूला उड्या मारून वाचल्या. ब्रेक लागला खरा, पण आपण डोळे कधी मिटले, हे त्याला आठवेना.

तो खाली उतरला. मागच्या ट्रॅक्टरवर रामसिंग होता. रांगेतल्या नंबरावरून दोन दिवस दोघांची जुंपलेली. देवसिंग मागे पडला तर फायदा त्याचाच होता. आपली सीट सोडून येईल असा दुसरा चालक जवळ नव्हता.

देवसिंगने किल्ली पुढे केली.

"माह्यावर भरोसा हाय काय बे?" रामसिंगने विचारले.

"नाही. पण आता माह्या हातावर त्याहून कमी हाय."

रामसिंग आधी देवसिंगच्या ट्रॅक्टरवर चढला, तो ट्रॅक्टर फाटकाकडे सरकवून आला आणि मग आपला पुढे घेतला. दुकानाच्या पायरीवर देवसिंग पाय हलवत बसला. दुसरा गिअर अडकतो, हे सांगायला तो तीनदा उठला; तिन्ही वेळा लालीबाईने सदरा धरून त्याला खाली बसवले. चारच्या सुमाराला ट्रॉली काट्यावर लागली, तेव्हा गिअर कसा टाकला, हे विचारायला तो चौथ्यांदा उठला होता.