माझी नायिका कधीच नापास झाली नाही

पीएच.डी. सोडून मला दोन वर्षं झाली होती आणि हे फक्त मला माहीत होतं.

सोडली म्हणजे तसा काही अर्ज केला नव्हता. संख्याशास्त्रात माझं काम चाललं होतं आणि दर सहा महिन्यांनी समितीपुढे बसून प्रगती सांगावी लागायची. पाचव्या खेपेला समितीतल्या एका बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला, एस.वाय.च्या मुलाला यावा असा. उत्तर मला येत होतं. पण इतकं साधं मला का विचारतायत, यात काहीतरी मेख असणार, असं वाटून मी गप्प राहिले. शेवटी बाईच म्हणाल्या, "असू दे, बघून सांगा." मी बाहेर आले, कूलरचं पाणी प्यायले आणि घरी आले. परत गेले नाही. गाईडचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तिसरा आला नाही.

घरी मी "चालू आहे" म्हणत राहिले. गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आई सगळ्यांना सांगायची, "आमची आता डॉक्टर होणार." दहावीपासून तिला हेच सांगायची सवय होती, फक्त पुढचा शब्द बदलायचा. भाईंदर पूर्वेला एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला गणित शिकवायला लागले. क्लासचे मालक म्हणाले, "मॅडम, पीएचडी चल रही है ना? बोर्ड पे लिख देते हैं." त्यांनी लिहिलं. रोज त्या बोर्डाखालून मी आत जायचे आणि मला काहीच वाटायचं नाही.

त्याच वर्षी मी मोबाइलवरच्या एका ॲपवर कथा लिहायला लागले, टोपणनावाने. माझी नायिका समुद्राच्या लाटांच्या गणितावर संशोधन करायची. तिला जर्मनीच्या परिषदेत शोधनिबंध वाचायला बोलावलं होतं. कुणी प्रश्न विचारला की तो पुरा व्हायच्या आतच ती उत्तर द्यायची. तिच्यासाठी मी दोन पुरुष ठेवले होते. एक तिच्याहून हुशार, तिच्याच विभागातला. दुसरा तिच्या शेजारचा, साधा, तिला हसवणारा. तिने कुणाशी लग्न करावं यावरून वाचकांची भांडणं लागायची. मी हुशाराच्या बाजूने होते.

माझ्या आयुष्यात मात्र त्या दुसऱ्यासारखा आला. तो आमच्या क्लासमध्ये अकाउंट्स शिकवायचा. उत्तनच्या पुढे चौक गावात त्याचं घर, मच्छीमार ख्रिस्ती कुटुंब. पहिल्याच आठवड्यात चहा पिताना तो मला म्हणाला, "मी सी.ए. दोनदा दिली, दोनदा उडालो. तिसऱ्यांदा बसायची हिंमत न्हाय." बस चुकली असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं. असं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

दीड वर्ष आम्ही बरोबर होतो. ॲपवरची ती कथा मीच लिहिते हे त्याला ठाऊक होतं, प्रत्येक भाग तो वाचायचा. एकदा म्हणाला, "तुझी ही बाई त्या हुशार माणसावर प्रेम करत नाही. त्याच्याकडून पेपर तपासून घेतेय." मी हसले. घरी जाऊन त्या वाक्यावर खूप वेळ विचार केला, पण त्याला कधी सांगितलं नाही. तो मला का आवडत होता, याचं एक कारण मी स्वतःशीही नीट बोलत नव्हते. तो कधी माझ्या पुढे जाणार नव्हता. त्याच्याजवळ बसलं की मी आपोआप पहिली यायचे.

मग एका रविवारी त्याने मला घरी जेवायला नेलं. त्याची आई होती आणि त्याचे मामा होते. मामांची उभी हयात बोटीवर गेली होती. आईने माझ्या ताटात दुसऱ्यांदा बोंबील वाढले. "घे ना बाय, लाजू नको. डॉक्टर होनार हाय ना तू?"

मामांनी विचारलं, "शिकतेस म्हणजे नक्की काय शिकतेस?"

माझ्या संख्याशास्त्राबद्दल दोन वाक्यं बोलून मला सुटता आलं असतं. पण तोंडातून आलं ते असं: "समुद्राच्या लाटांचं गणित."

"लाटांचं?" मामा खूश झाले. "मग उद्या वारा कसा हाय ते सांग."

सगळे हसले. मीही हसले आणि पुढे बोलत सुटले. लाट किनाऱ्याजवळ आली की का वाकते, मी ते कसं मांडते, जर्मनीत मला कसं बोलावलंय. मामांनी जेवण थांबवून ऐकलं. आई मध्येच उठून शेजारणीला हाक मारून आली, तीही दारात उभी राहून ऐकायला लागली. इतकं सलग, इतकं चांगलं मी कुणाहीपुढे कधी बोलले नव्हते. मग माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो मान खाली घालून माशाचा काटा काढत होता.

संध्याकाळी तो मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. बस उभी होती, ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी बोलत होता.

"ते पाचव्या भागातलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि जर्मनी आठव्या."

मी पर्समधून तिकिटाचे सुटे पैसे काढले.

"तुझी पीएच.डी. कधी बंद झाली?"

"आपण भेटायच्या आधी."

त्याने मान हलवली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "मला डॉक्टर नकोच होती गं," तो म्हणाला. "मी तुला तसं कधी म्हणालो?"

म्हणाला नव्हता, हे खरं होतं. पण डॉक्टर नको असेल तर मग माझ्यातलं याला हवं तरी काय, ते मला दिसेना. मी शोधलं. खरंच तिथे उभी राहून शोधलं. त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं.

"माझ्या आईला तू स्वतः सांग," तो म्हणाला. "घाई नाही. पण तूच सांग."

मी "सांगते" म्हटलं आणि बसमध्ये चढले.

सांगितलं नाही. त्याचे मेसेज यायचे, मी "नंतर बोलू" लिहायचे. क्लासमध्ये आम्ही एकमेकांना सर, मॅडम म्हणायला लागलो. दोन महिन्यांनी तो मीरा रोडच्या दुसऱ्या क्लासला गेला. मी रडले नाही. कथा पूर्ण केली, नायिकेचं लग्न हुशार माणसाशी लावून दिलं. वाचकांनी भरभरून अभिनंदन केलं. मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासली.

घरी सांगायला मात्र जमलं. एकदा आई मेथी निवडत होती, मी समोर बसून म्हटलं, "आई, माझी पीएच.डी. कधीच सुटली." तिचे हात थांबले. ती म्हणाली, "आता खालच्या मजल्यावरच्या बायकांना काय सांगू?" मग पुन्हा मेथी निवडायला लागली. "असू दे. त्या काय सर्टिफिकेट बघायला येणारेत?"

त्यानंतरच्या रविवारी मी चौकला गेले. त्या जेवणाला आठ महिने झाले होते. त्याची आई अंगणात होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की मी खोटं बोलले होते, लाटांचं काही शिकत नव्हते.

"त्यानं त्याच दिवशी सांगितलं हाय मला," ती म्हणाली. "मी बोलली, येईल पोरगी, सांगेल. दोन-तीन म्हयने वाट बघितली. तू काय आली न्हाय." मग स्टूल पुढे सरकवलं. "बस. चाय घे."

तो घरातच होता. बाहेर आला, आम्ही चहा प्यायलो. नव्या अभ्यासक्रमाबद्दल बोललो. मग त्याने सांगितलं, लग्न ठरलंय, मुलगी नर्स आहे. मी अभिनंदन केलं, ते मनापासून होतं असं मला वाटलं. "बरं केलंस, आलीस," तो म्हणाला. रिक्षात बसून मी येतानाचा सगळा रस्ता बघत आले. काहीही झालं नाही.

झालं ते बुधवारी. बारावीच्या बॅचला फळ्यावर एक गणित सोडवत होते, तिसऱ्या ओळीत खडू थांबला. पुढची पायरी मला येत होती. पण हात उचलवेना आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. पाठमोरी किती वेळ उभी होते कोण जाणे. मागून एका मुलीने विचारलं, "मॅडम, पुढे काय?"

मी खुर्चीत बसले. म्हटलं, "तुम्हीच करून बघा. मला आज जमत नाहीये."