तीनशे पावलं खाली

गवत्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्याने बरण्या पुसल्या आणि सुट्टीच्या दिवशी नदीचं खोरं पालथं घातलं. खोरं म्हणजे तरी काय उरलं होतं? वर धरण, मध्ये वीटभट्ट्या, खाली वाळू उपसून सोडलेले खड्डे. शहाणी माणसं नाक मुरडून पुढे जायची. हा मात्र त्या खड्ड्यांतच गुडघे टेकून बसायचा.

कारण तिसऱ्या खड्ड्यातल्या ओलसर वाळूत एक बोटभर उंचीचं रोप उगवायचं. वर्षातून बारा दिवस पांढरं फूल, खाली वाटाण्याएवढा कंद. भोवती गवत माजलं की ते मरायचं. उघडी, खणलेली वाळूच त्याला मानवायची. सबंध खोऱ्यात ते तिथंच उरलं होतं. बाकीचे कंद जडीबुटीवाल्यांनी उकरून नेले, तेही गवत्याच्याच वहीतून जागा वाचून. तेव्हापासून स्वारी हुशार झाली. वहीत प्रत्येक जागा तीनशे पावलं खालच्या अंगाला सरकवून लिहायची, खरी डोक्यात ठेवायची. बायकोलासुद्धा थांगपत्ता नाही.

मग नदी सुधार कार्यालयाला खड्डे बुजवून झाडं लावायची हुक्की आली. गवत्याचं डोकंच फिरलं. तीन वर्षं त्याने अर्ज खरडले, खेटे घातले. "अहो, झाडं लावतोय, तोडत नाही!" साहेब म्हणायचे, जणू हाच झाडांचा वैरी. कागदावर ती जागा 'पडीक' होती आणि पडीक जागेत काही जगतं हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

शेवटी साहेबांच्या जागी एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी सगळे अर्ज वाचले आणि गवत्याला बोलावून घेतलं.

"वही द्या काका. तेवढी जागा कुंपण घालून वाचवते. बाकीचे खड्डे बुजणारच, ते माझ्या हातात नाही. नोंद बरोबर आहे ना?"

टेबलाशेजारी कारकून कागदांना टाचण्या मारत उभा होता. त्याचा मेहुणा बाजारात औषधी मुळ्या विकायचा, हे गवत्याला पक्कं ठाऊक होतं.

"अगदी बरोबर," वही पुढे सरकवत गवत्या म्हणाला.

सोमवारी मॅडम पाहणीला येणार होत्या. तिथं त्यांना एकटं गाठून खरं सांगू, असा त्याने बेत केला आणि स्वतःच्या अकलेवर खूश होत घरी गेला. मॅडमना मात्र वाटलं, म्हाताऱ्या माणसाला आणखी किती ताटकळत ठेवायचं? त्यांनी शनिवारीच काम उरकून टाकलं. फुलांचे दिवस लांब होते. कंद वाळूखाली होते, त्यामुळे वर काही न दिसल्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

रविवारी गवत्या पोचला तेव्हा हिरव्या रंगाचं कोरं कुंपण उभं होतं. 'दुर्मीळ वनस्पती. हात लावू नये.' आत नुसते दगडगोटे आणि एक फुटकी बाटली. तो वर धावला. तिसरा खड्डा कुठं संपायचा तेही कळेना, इतकी माती सपाट दाबली होती. तिच्यावर काठ्यांना बांधलेली रोपं ओळीनं उभी होती. त्याने हातांनी उकरायला सुरुवात केली. भराव छातीएवढा होता, नखं तुटली, वाळू काही लागली नाही. संतापाने त्याला रडू फुटलं. माती लोटणाऱ्या यंत्रवाल्याला शिव्या घालाव्यात, तर त्याने सांगितलेलं केलं होतं. कारकुनाने तर बिचाऱ्याने नुसत्या टाचण्या मारल्या होत्या.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. "पाहिलंत का काका? झालं ना मनासारखं?"

त्याने सगळं सांगितलं.

"पण मी विचारलं होतं तुम्हाला."

"तिथं कारकून होता."

"मग नंतर फोन करायचा. चार दिवस होते की मध्ये." मॅडमचा आवाज चिरकला. "माझ्यावरही विश्वास नव्हता का तुमचा?"

"नव्हता," गवत्या म्हणाला.